रात्री दोनची हाक

माझी मुलगी दोन महिन्यांची असतानाच रात्रभर झोपायला लागली. हे वाक्य मी गेली सदतीस वर्षं सांगत आले आहे. बारशाला गेले की सांगायचे, शेजारच्या सुनेचं बाळ रात्र रात्र जागवत होतं तेव्हा सांगितलं, बाळंतपणाच्या रजेवरून ऑफिसात परतलेल्या प्रत्येक मुलीला सांगितलं. ऐकणाऱ्या बायका म्हणायच्या, "भाग्यवान आहात." त्यावर माझं उत्तर ठरलेलं असायचं : "भाग्य कसलं, शिस्त लावली."

मागच्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेले होते. नातू पाच आठवड्यांचा झाला होता. एका रात्री अडीचच्या सुमारास बाहेरच्या खोलीत दिवा दिसला म्हणून उठले. मुलगी सोफ्यावर बसली होती. बाळ खांद्यावर. तिचे डोळे मिटत होते, मान खाली गेली की दचकून उघडत होते. मला बघून म्हणाली, "आई, तू मला दोन महिन्यांत झोपायला शिकवलंस ना? नक्की काय केलं होतंस ते सांग. आपण उद्यापासून तेच करू."

मी बाळाला तिच्याकडून घेतलं आणि "सकाळी सांगते" म्हणाले. सकाळी सांगितलं नाही. पुढचे चार दिवसही सांगितलं नाही. त्या चार दिवसांत मनात जी उलथापालथ झाली ती इथे मांडते आहे. प्रश्न माझ्या घरात उभा राहिला असला तरी तो माझ्या घरापुरता नाही, असं मला वाटतं.

*

१९८७ साली मी एका जिल्ह्याच्या गावी ट्रंक ऑपरेटर होते. तेव्हा परगावी फोन लावायचा तर कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे प्रकार आणि तसे दर. बोर्डावर दिवा लागला की कॉर्ड खोचायची, नंबर विचारायचा, तिकिटावर वेळ लिहायची आणि तीन मिनिटं झाली की बोलणाऱ्यांच्या मध्ये जाऊन तसं सांगायचं. कुणी कुणाच्या मरणाची बातमी देत असलं तरी तीन मिनिटं ती तीन मिनिटं. घड्याळाशी माझं नातं असं पक्कं होतं.

केंद्र सरकारच्या नोकरीत तेव्हा बाळंतपणाची रजा नव्वद दिवसांची होती. त्यातले अठरा दिवस प्रसूतीच्या आधीच गेले. उरले बहात्तर. खाटेवर पडल्या पडल्या मी ते मोजत असे. सव्वा महिना शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांत गेला. पाचवीच्या रात्री सासूबाईंनी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून. मला हसू आलं होतं. बाळ झोपेत हसलं की त्या म्हणायच्या, सटवाई हसवतेय. झोपेत कण्हलं की, सटवाई रडवतेय. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. माझ्याकडे वही होती.

त्या वहीत मी दोन रकाने आखले होते : दूध आणि झोप. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. त्यानंतर थेट सकाळी सहा. हे वेळापत्रक मला दुधाच्या डब्याबरोबर मिळालेल्या एका पुस्तिकेत सापडलं होतं. १९९२ च्या कायद्याने अशा जाहिरातींवर आणि पुस्तिकांवर आपल्याकडे बंदी आली, पण माझ्या वेळी त्या सर्रास मिळत. गुळगुळीत कागद, गोबऱ्या बाळाचं चित्र आणि दर चार तासांचा तक्ता.

त्या तक्त्याचं मूळ मला फार पुढे, निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळलं. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग नावाचे डॉक्टर होते. मनोरुग्णालयाचे प्रमुख. रुग्णालयाच्या शेतावरची वासरं नीट जगावीत म्हणून त्यांनी दूध पाजण्याचे प्रयोग केले आणि त्यातून त्यांचं लक्ष माणसांच्या बाळांकडे वळलं. १९०७ साली त्यांच्या पुढाकाराने तिथे प्लंकेट सोसायटी स्थापन झाली. दर चार तासांनी दूध, रात्री दूध नाही, मोकळी हवा, उगाच उचलून घेणं नाही, अशी त्यांची शिकवण. हेतू बालमृत्यू कमी करण्याचा होता आणि स्वच्छतेवरचा त्यांचा भर उपयोगाचा होता, हे मान्य करायला हवं. मग १९२८ साली अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने तर मुलांना मांडीवर घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला देणारं पुस्तक लिहिलं. १९४६ मध्ये डॉक्टर स्पॉक यांनी आयांना स्वतःच्या मनावर विश्वास ठेवायला सांगितलं तोवर एक पिढी त्या घड्याळावर वाढली होती. त्याच घड्याळाची एक प्रत ऐंशीच्या दशकात आमच्या घरी पोचली होती.

मी आठव्या आठवड्यात सुरुवात केली. पहिल्या रात्री मुलगी दोन वाजून पाच मिनिटांनी उठली. मी घेतलं नाही. ती पंचेचाळीस मिनिटं रडली. हे मला नक्की माहीत आहे, कारण मी ते लिहून ठेवलं आहे. तिचं रडणं ऐकून मला पान्हा फुटला होता, ब्लाउज भिजला होता. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता, जागा होता. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगं, भूक लागलीय तिला."

मी म्हटलं, "सवय लागेल, आई."

"कुणाला?" त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या रात्री ती पस्तीस मिनिटं रडली, तिसऱ्या रात्री चाळीस, चौथ्या रात्री वीस. पाचव्या रात्री जागी झाली, थोडं कुरकुरली आणि झोपली. सहाव्या रात्री काहीच आवाज आला नाही. वहीत त्या रात्रीपुढे मी एकच शब्द लिहिला आहे : शांत.

बहात्तराव्या दिवसानंतर मी कामावर हजर झाले. सकाळी आठ ते तीन. दहाचं आणि दोनचं दूध सासूबाई बाटलीने पाजायच्या, पाणी घातलेलं गाईचं दूध. रात्रीची झोप झालेली असल्यामुळे माझ्या हातून एकही चुकीचा नंबर जोडला गेला नाही.

*

माझ्या मुलीने त्या पाच रात्रींत काय शिकलं? माझं उत्तर सदतीस वर्षं ठरलेलं होतं : रात्र झोपण्यासाठी असते, हे शिकली. बंगळुरूच्या त्या चार दिवसांत मला पहिल्यांदाच दुसरं उत्तर दिसलं : हाक मारून कुणी येत नाही, हे शिकली. वहीवरून या दोन उत्तरांतलं खरं कोणतं ते ठरवता येत नाही. दोन्ही उत्तरांत सहाव्या रात्रीचा शब्द एकच असेल, 'शांत'.

नवजात बाळाबद्दल आज जे ठाऊक आहे ते माझ्या बाजूचं नाही. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभर दूध मावतं. आईचं दूध दीड-दोन तासांत पचतं. म्हणून पहिले काही आठवडे दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, आणि जागतिक आरोग्य संघटनाही मागेल तेव्हा पाजा, दिवसा आणि रात्रीही, असंच सांगते. रडणं ही भुकेची पहिली खूण नसून उशिराची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड वळवून शोधतं, मुठी तोंडाशी नेतं. नवं बाळ दिवसाकाठी सोळा-सतरा तासदेखील झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. दिवस आणि रात्र यांतला फरक त्याच्या शरीराला दोन-तीन महिन्यांपर्यंत नीटसा कळत नाही. गंमत अशी की झोप आणणारं मेलाटोनिन आईच्या रात्रीच्या दुधात असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. म्हणजे रात्र म्हणजे काय हे बाळाला शिकवण्याची सोय रात्रीच्या त्या पाजण्यातच केलेली आहे. मी नेमकं तेच बंद केलं होतं.

आपल्या जुन्या मापात घटका चोवीस मिनिटांची आणि प्रहर साधारण तीन तासांचा. नवजात बाळ प्रहरांत जगतं. माझ्या वहीतलं एकक मात्र ऑफिसची पाळी हे होतं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे नुसतं ऊर बडवणं होईल. बाळाला स्वतःचं स्वतः झोपायला शिकवण्याने पुढे नुकसान होतं का, याचा ऑस्ट्रेलियात नीट अभ्यास झाला आहे. तिथली बाळं माझ्या मुलीपेक्षा बरीच मोठी होती, सात-आठ महिन्यांच्या पुढची, आणि पद्धतही माझ्यापेक्षा सौम्य. ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांत, त्यांच्या मनःस्वास्थ्यात, आईशी असलेल्या नात्यात, काही फरक दिसला नाही. फायदाही नाही, तोटाही नाही. माझी मुलगीही हसतीखेळती, धीट, माणसांत रमणारी आहे. रात्री गाढ झोपते. म्हणजे झोपायची, नातू होईपर्यंत.

मग झालं काय? इजा दिसत नाही, जिला रडवलं तिला आठवत नाही. तक्रारदारच नाही. तरी प्रश्न उरतो का?

मला वाटतं, उरतो. हे मला माझ्याच नोकरीने शिकवलं होतं. ऑपरेटरला दोन माणसांचं बोलणं ऐकता येत असे. एक की उघडी ठेवायची, बस. बोलणाऱ्यांना कधी कळणार नाही, त्यांचं काही बिघडणार नाही. तरी ते करायचं नाही, हे आम्हांला पहिल्या दिवशी सांगितलं जाई आणि ते बरोबर आहे हे कुणाला पटवून द्यावं लागत नसे. एखाद्याचं नुकसान झालं नाही म्हणजे त्याच्याशी आपण नीट वागलो, असं होत नाही. इजा आणि अन्याय हे दोन वेगळे हिशेब आहेत. अभ्यास इजेचा करता येतो. अन्यायाचा हिशेब ज्याने केला त्यालाच करावा लागतो.

आठवत नाही म्हणून घडलं नाही, या तर्काचं टोक किती भयंकर असू शकतं याचं उदाहरण माझ्या मुलीच्याच जन्मवर्षातलं आहे. त्या काळापर्यंत नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना पुष्कळ ठिकाणी पुरेशी भूल देत नसत. हलू नये म्हणून औषध देत, वेदना कळू नये म्हणून नाही. एवढ्या लहान जिवाला वेदना कळत नाही आणि कळली तरी लक्षात राहत नाही, अशी समजूत होती. भारतातून ऑक्सफर्डला गेलेले डॉक्टर कन्वलजीत आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की भूल नीट दिलेल्या बाळांचं शरीर शस्त्रक्रियेचा आघात कितीतरी कमी सोसतं. त्यानंतर सगळं बदलत गेलं. पण समजा, शरीरावरही काही परिणाम दिसला नसता, तर बिनभुलीची शस्त्रक्रिया ठीक ठरली असती का? वेदनेचा तो क्षण कुणाचा तरी होता. पुढे तो विसरला जाणार आहे, याने त्या क्षणाची वेदना कमी होत नाही.

माझ्या मुलीच्या पंचेचाळीस मिनिटांची तुलना शस्त्रक्रियेशी करणं अतिशयोक्तीचं आहे, हे मला कळतं. बाळं रडतात. आई आंघोळीला गेलेली असते, भात करपत असतो. लस टोचली की रडतात आणि आपण टोचून घेतोच. प्रत्येक न उचललेलं रडणं हा अन्याय नाही. लस टोचतो तेव्हा ती बाळासाठी असते. रात्री दोनचं ते रडणं कुणासाठी होतं? मी वहीत, आणि नंतर सदतीस वर्षं, ते तिच्यासाठी होतं असं लिहिलं आणि सांगितलं. तिला शिस्त लागावी म्हणून, वळण लागावं म्हणून. ते खरं नव्हतं. ते माझ्यासाठी होतं, म्हणजे माझ्या सकाळच्या आठच्या पाळीसाठी.

माझी गरज खोटी नव्हती. नोकरी सोडली असती तर घर चाललं नसतं, आणि मला ती सोडायचीही नव्हती. आईलाही झोप लागते, आईही माणूस आहे, आणि थकलेल्या आईच्या हातून बाळाला धोकाही होऊ शकतो. सोफ्यावर बाळ घेऊन डोळा लागणं किती घातक आहे, हे आता दवाखान्यात बजावून सांगतात. तेव्हा गरज असणं हा माझा दोष नाही. माझा दोष असा की मी माझी गरज तिच्या गुणांच्या खात्यात जमा केली. जो बोलू शकत नाही त्याच्याशी वागताना हे फार सोपं असतं. मला वाटतं, दुबळ्यांना लावल्या जाणाऱ्या बऱ्याचशा शिस्तीचं मूळ असंच सापडेल. सोय एकाची असते आणि वळण दुसऱ्याला लागतं.

*

पूर्वी आपल्याकडे असं नव्हतं, आजीच्या मांडीवर, पाळण्याच्या दोरीवर मुलं सुखाने झोपायची, असं म्हणायचा मला मोह झाला होता. माझ्या सासूबाईंचा तो एक शब्द आठवला की अजूनही होतो. पण तेही पूर्ण खरं नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवत असत. तिला बाळगोळी म्हणत. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी चौकश्यांत त्याची नोंद आहे. त्या बाया निर्दय नव्हत्या. पाळी दहा तासांची होती आणि मूल त्या वेळात जागं राहिलं तर बघायला कुणी नव्हतं. माझी वही आणि त्यांची गोळी यांत फरक आहे, मोठा फरक आहे, पण जात एकच : बाळाची झोप कामाच्या तासांना जुळवून घेणं.

म्हणूनच १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने केलेलं भाषण मला बाळाच्या झोपेवरचंही भाषण वाटतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला. त्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन सुट्या द्याव्यात, असं कलम आहे. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली. माझे बहात्तर दिवस आणि मुलीचे सव्वीस आठवडे यांच्या मध्ये ही सगळी वाट आहे. बाळाला किती वाजता भूक लागावी, हा प्रश्न आपण घरात सोडवायला बघतो. त्याचा बराच भाग घराबाहेर ठरलेला असतो.

*

पाचव्या दिवशी दुपारी, बाळ झोपलेलं असताना, मी मुलीला सगळं सांगितलं. पंचेचाळीस मिनिटं, भिजलेला ब्लाउज, आजीचा "कुणाला?" आणि "शांत". शेवटी म्हटलं, "माझं चुकलं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला आठवतच नाही गं. मी माफ कसं करणार?"

हे तिने सहज म्हटलं, पण माझ्या चार दिवसांच्या विचारांची गाठ नेमकी तिथेच होती. जिला मी रडवलं ती आठ आठवड्यांची पोर आता कुठेच नाही. समोर बसलेली बाई तिच्यापासूनच झाली आहे, तरी त्या पोरीच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला तरी आहे का? काही चुका अशा असतात की त्यांची माफी मागायला पत्ताच उरत नाही. त्या फक्त खऱ्या नावाने सांगता येतात. आणि पुढच्या वेळी निराळं वागता येतं, जर पुढची वेळ मिळाली तर. मला ती पाळण्यात मिळाली होती.

"आणि तू गेली नसतीस कामावर," मुलगी पुढे म्हणाली, "तर मी शिकले असते का इथवर? ते जाऊ दे. मला आता माफीबिफी नको आई, झोप हवी."

तिचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या पश्चात्तापाने तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जाणार नव्हती. बाळाला कसलीच घडी घालू नये, ते मागेल तेव्हा आईने उठावं, एवढंच म्हणून मी बाजूला झाले असते तर तो दुसरा अन्याय झाला असता, पहिल्याइतकाच खरा. बाळाची हाक खरी आहे आणि आईचं थकणंही खरं आहे. दोन्ही खरं असेल तर त्या हाकेला उठणारी माणसं वाढवायची, याशिवाय मला दुसरा मार्ग दिसेना.

संध्याकाळी जावई आल्यावर आम्ही तिघांनी बसून तक्ता केला. मी पुन्हा रकाने आखले, पण या वेळी तक्त्यात बाळाचं नाव नव्हतं. रात्री दहाला पाजून मुलगी आतल्या खोलीत दार लावून झोपणार. दहा ते तीन माझी पाळी. मध्ये बाळ उठलं तर तिने काढून ठेवलेलं दूध मी पाजणार, ढेकर काढणार, लंगोट बदलणार. तीन ते सहा जावयाची पाळी. बाळाने मागितलं की त्याने ते मुलीजवळ न्यायचं, ती पडल्या पडल्या पाजणार, आणि ते त्याने लगेच परत आणायचं. बाळ हवं तेव्हा उठेल, हवं तेवढं पिईल. वेळ पाळायची ती आम्ही मोठ्यांनी. दिवसा पडदे उघडे, घरात भांड्यांचे आवाज. रात्री अंधार, बोलणं हळू. याउपर शिकवण्यासारखं त्या वयात काही नाही.

तिसऱ्या रात्री मुलगी सलग पाच तास झोपली. सकाळी उठून तिने आधी बाळाला बघितलं आणि मग मला मिठी मारली. मला वाटलं, एक्स्चेंज सोडून इतकी वर्षं झाली तरी रात्रपाळीची सवय कामाला आली. दिवा लागला की कॉर्ड खोचायची.

*

इथे लेख संपवता आला असता. पण मुलीकडे स्वयंपाकाला एक बाई येते. विजापूरकडची, मराठी समजतं आणि मोडकं बोलते. सगळे तिला अक्का म्हणतात. एकदा सकाळी आमचा नातू भुकेने रडत होता आणि मुलगी आंघोळीला गेली होती. अक्का पोळ्या लाटता लाटता थांबली, भिंतीकडे वळली आणि पदर छातीशी घट्ट दाबून उभी राहिली. मला ते कळायला क्षणही लागला नाही.

तिला पाच महिन्यांचा मुलगा होता. आम्हांला हे माहीतच नव्हतं. पहाटे पाचला पाजून निघायची, तीन घरं करून दुपारी दोनला परत. तोवर नऊ वर्षांची थोरली मुलगी सांभाळायची, चहात बुडवलेलं बिस्कीट द्यायची.

"रडत नाही का?" मी विचारलं.

"रडतो की. मग गप्प होतो, अज्जी."

माझ्या वहीतला शब्द मला तिच्या तोंडून ऐकायला मिळाला. तिच्यासाठी सव्वीस आठवडे नव्हते, बहात्तर दिवसही नव्हते. माझ्या मुलीला मिळालेल्या पाच तासांच्या झोपेत अक्काने सकाळी केलेल्या पोळ्यांचाही वाटा होता, आणि त्या पोळ्यांच्या पलीकडे एका खोलीत कुणीतरी गप्प होत होतं. आम्ही तिची वेळ सातऐवजी दुपारी तीनची केली आणि सोबत बाळाला आण म्हणून सांगितलं. पगार तोच ठेवला. बाकीच्या दोन घरांनी वेळ बदलली नाही. म्हणजे तिच्या मुलाची उपाशी सकाळ अर्धीच कमी झाली. त्यापुढे काय करावं हे मला सुचलं नाही, आणि सुचलं असं दाखवण्यात अर्थ नाही. पण दुपारी ती ओट्याशी असताना तिचा मुलगा सतरंजीवर माझ्या नातवाशेजारी पडलेला असे, आणि तो रडला तर ती गॅस बारीक करून त्याला घेई. कुणी तिला थांब म्हणत नसे.

परवा एका लग्नात जुन्या मैत्रिणीच्या सुनेने मला विचारलं, "काकू, तुमची मुलगी म्हणे दोन महिन्यांतच रात्रभर झोपायला लागली होती?"

"हो," मी म्हटलं. "कारण बहात्तर दिवस संपले की मला कामावर जायचं होतं. तुझी रजा कधी संपतेय?"